जात्यावरचे दप्तर

पुणे शहरात पौड हे नाव ऐकले नाही असा मनुष्य शोधून सापडावयाचा नाही. परंतु शहरवासीयाला हे नाव ठाऊक असते ते बहुधा रस्त्याचे म्हणून. पौड रस्ता आणि पौड फाटा ही त्याच्या नित्याच्या येण्याजाण्यातील ठिकाणे होऊन बसली आहेत, आणि हा रस्ता कोथरूड मागे टाकून, भूगाव, भुकूम, पिरंगुट अशी गावे ओलांडीत अखेरीस एका खऱ्याखुऱ्या पौडास पोहोचतो, याचे त्याला क्वचितच स्मरण असते. हे पौड पुण्याच्या पश्चिमेस सुमारे 20 मैलांवर मुळा नदीच्या खोऱ्यात वसले आहे. शिवकालीन बारा मावळांच्या याद्यांत पौड खोऱ्याचे नाव येते. इंग्रजी अमदानीत हवेली तालुक्यातील मुळशी पेट्याचा कारभार येथून चाले, आणि आज तालुक्याचे नाव मुळशी असले तरी कचेरी पौडासच आहे.

कचेरी आली की दप्तर आले. पेशवाईतील रुमालांत बांधलेले कागद असोत की पुढील काळातील नंबरवार खाती असोत, त्या दप्तरात वतनदार, पाटील, कुलकर्णी, कूळ, सावकार, जामीनदार आणि फिर्यादी असे नाना प्रकारचे पुरुष आपल्याला भेटतात; बाई भेटते ती कोणाची तरी म्हणून भेटते. अमक्याची बायको, तमक्याची विधवा, अज्ञान मुलाची पालनकर्ती आई, अशा षष्ठी विभक्तीच्या आडोशाने ती कागदावर येते, आणि जमीन तिच्या नावावर चढलीच तर ती बहुधा नवरा वारल्यानंतर, वारसाच्या फेरफारात, मुलगा जाणता होईपर्यंतच्या मुदतीपुरती चढते. मला ज्या बाईचे स्मरण करावयाचे आहे ती अशी दप्तराबाहेरची बाई आहे. ती एक नाही, पौड खोऱ्यातील वाडीवाडीत ती होती, आणि म्हणून तिला एखादे नाव चिकटवून तिचे चरित्र रचणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते. शिवाय त्याची गरजही नाही. कारण कचेरीच्या दप्तरात जागा न मिळालेल्या या बाईने आपले एक निराळे दप्तर पिढ्यान्‌पिढ्या राखले होते, आणि ते राखण्याचे ठिकाण म्हणजे घरातले जाते.

जात्यावरची ओवी किती जुनी आहे, याचा एक भक्कम पुरावा आपल्या हाती आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने इसवी सन 1129 च्या सुमारास मानसोल्लास नावाचा जो सर्वसंग्राहक संस्कृत ग्रंथ सिद्ध केला, त्यात संगीताचे विवेचन करताना महाराष्ट्रातील स्त्रिया धान्य कांडताना ओवी गातात, असे स्पष्ट नमूद केले आहे. राजाच्या पाकशाळेपासून हत्तींच्या परीक्षेपर्यंत सारे काही सांगणाऱ्या त्या ग्रंथात उखळाशी उभ्या असलेल्या बाईच्या गाण्याला एक ओळ मिळावी, ही गोष्ट लहान नाही. ज्ञानेश्वरी सिद्ध झाली ती त्यानंतर दीडशेहून अधिक वर्षांनी, 1290 साली. म्हणजे ज्या छंदाचे नाव घेऊन मराठी वाङ्मयाने आपले वैभव उभे केले, तो छंद त्यापूर्वीच मुसळाच्या घावावर आणि बहुधा जात्याच्या फेऱ्यावरही नांदत होता. विद्वानांनी ओवीचे ग्रंथातील आणि कंठातील असे दोन प्रकार मानले आहेत व ते योग्यच आहे. परंतु धाकटी कोण आणि थोरली कोण, एवढे मात्र विसरू नये.

आता ती बाई पाहावी. पहाटेचा कोंबडा आरवण्याच्या सुमारास घरातील बाकीची माणसे घोंगडीत गुरफटलेली असताना ती उठते, चिमणी पेटविते, आदल्या रात्री निवडून ठेवलेल्या नाचणीचे सूप ओढून घेते आणि जात्याशी बसते. एक पाय पसरलेला, दुसरा दुमडलेला, डाव्या हाताने मूठमूठ वैरण जात्याच्या तोंडात सोडावयाची व उजव्या हाताने खुंटा फिरवावयाचा, आणि हात भरून आला की हातांची अदलाबदल करावयाची, असा हा क्रम असतो. जाऊ किंवा नणंद समोर बसली तर खुंट्यावर दोन हात पडतात आणि दळण हलके होते. खुंटा सैल झाला तर चिंधी कोंबून तो ठोकावा लागतो; पाळू झिजून गुळगुळीत झाली की पीठ जाडेभरडे पडू लागते आणि मग टाकी लावून घेण्यासाठी पाथरवटाची वाट पाहावी लागते. खालच्या पाळूभोवती पांढरे, काळपट किंवा तांबूस पीठ गोल जमत जाते, त्याच्या रंगावरून घरात यंदा तांदूळ उरला आहे की नाचणीवर आणि वरईवर दिवस काढणे चालले आहे, हे कळते. मुळशीच्या डोंगरउतारावर भात पिकते खरे, आणि आंबेमोहोराचा वास या खोऱ्याची कीर्ती सांगत पुण्याच्या पेठांपर्यंत पोहोचत असे हेही खरे. परंतु पिकवणाराच्या ताटात तोच भात रोज पडे, असा मात्र कोणी समज करून घेऊ नये.

जाते फिरू लागले की ओवी येते. ती मुद्दाम आठवून म्हणावयाची नसते. फेऱ्याबरोबर ती ओठावर येते, एक चरण म्हटला की त्याची पुनरावृत्ती होते, मध्ये ‘बाई’ आणि ‘गं’ असे भरीचे शब्द पडतात, आणि श्वास व फेरा यांचा मेळ बसतो. चालीला या बाया ‘गळा’ म्हणतात. एका वाडीचा गळा दुसऱ्या वाडीच्या गळ्याहून वेगळा असतो, आणि लग्न होऊन आलेली मुलगी भांड्याकुंड्यांबरोबर माहेरचा गळाही घेऊन येते, असे त्या सांगतात. जात्याला त्या ईश्वर म्हणून हाक मारतात, डोंगरातून आलेला ऋषी समजतात; आणि ज्या दगडापाशी मनातले सारे बोलावयाचे त्याला असे नाते लावणे मला फार समंजसपणाचे वाटते, कारण सासऱ्यापुढे बोलण्याची सोय नसते, नवऱ्याचे नाव घेण्याचा रिवाज नसतो, आणि दगड ऐकून कोणाला सांगत नाही.

ओव्यांची गणती मोजून केलेली असते. पहिली देवाला, पुढची आईबापांना, मग भावाला, मग लेकरांना. भावाला वाटा मोठा असतो. माहेरचा मुराळी म्हणून तो वाट चालत येतो, त्याच्या घोड्याचे किंवा बैलगाडीचे, पागोट्याचे आणि त्याने घेतलेल्या चोळीचे वर्णन इतक्या लाडाने होते, की प्रत्यक्षात तो दोन वर्षांत फिरकलाही नसेल अशी शंका ऐकणाराच्या मनात येते. नवरा बहुधा कुंकवाच्या किंवा चुड्याच्या रूपाने येतो. सीतेचा वनवास येतो आणि तो मात्र वाल्मीकीच्या मर्यादेने येत नाही. मुळशीतील बायांच्या ओव्यांत सीता ही छळ सोसणारी सासुरवाशीण आहे, कैकेयी ही तिच्यावर आळ आणणारी सासू आहे, आणि रामाचे देवत्व त्या अन्यायाला झाकू शकत नाही. विठ्ठल येतो तो तर घरातल्यासारखा येतो. गंगाखेडची जनाबाई नामदेवांच्या घरी दळण दळीत असताना देव तिच्याबरोबर खुंट्याला हात लावी, ही कथा महाराष्ट्रातील प्रत्येक दळणारणीने आपल्यापुरती खरी मानली आहे; पंढरपूरनजीक गोपाळपुरास जनाबाईचे म्हणून दाखविले जाणारे जाते पाहताना खेड्यातली बाई त्याला नमस्कार करते आणि मग हळूच खुंट्यालाही हात लावून पाहते. जो देव दळू लागतो त्याच्या भक्तीसाठी काम सोडून उठावे लागत नाही. या एका गोष्टीमुळे कुटुंब, श्रद्धा आणि सेवा अशी आपण लेखणीने केलेली वाटणी या बाईच्या बाबतीत कोलमडून पडते.

सेवा या शब्दाचीही तीच कथा आहे. समाजसेवा हा शब्द पौडाच्या कचेरीत पुष्कळ उशिरा आला असेल; पण अडलेल्या बाईच्या घरचे बोलावणे रात्री-अपरात्री आले, की पलीकडच्या वाडीत कंदील घेऊन जाणारी सुईण त्यापूर्वीही होती. तिला फी नव्हती. बाळबाळंतीण सुखरूप राहिली तर एखादे लुगडे किंवा खण, नाहीतर पायलीभर तांदूळ, असा रिवाज असे, आणि पाचव्या दिवशी पाटावरवंट्याची पूजा मांडून सटवीला नैवेद्य दाखविताना तिचा मान पहिला असे. ज्या घरी मृत्यू झाला त्या घरची चूल पेटत नाही, म्हणून शेजारणीने भाकरी न्यावयाच्या. लावणीच्या दिवसांत पाऊस धोधो कोसळत असताना आज आमच्या खाचरात तर उद्या तुमच्या खाचरात अशी सावड करावयाची. एकादशीला आळंदीची वाट धरलेला वारकरी ओसरीवर टेकला तर त्याला गूळपाणी द्यावयाचे. हे सारे ती पुण्य म्हणून करी, आणि उद्या आपल्यावरही वेळ येणार आहे हे उमजूनही करी. मला या दोन हेतूंत विरोध दिसत नाही.

या खोऱ्यावर खरी वेळ आली ती गेल्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकात. मुंबईच्या गिरण्यांना आणि रेल्वेला वीज हवी होती. टाटांच्या कंपनीने लोणावळ्याकडील तलावांनंतर मुळा आणि निळा या नद्यांच्या संगमावर मुळशी येथे धरण बांधावयाचे ठरविले, आणि त्या पाण्याखाली 50 च्या आसपास गावांची भातखाचरे व घरे जाणार हे स्पष्ट झाले. 1894 च्या भूसंपादनाच्या कायद्याने सरकार कंपनीच्या बाजूला उभे होते. रामनवमीचा मुहूर्त धरून 16 एप्रिल 1921 रोजी मावळ्यांनी धरणाच्या कामावर जाऊन सत्याग्रह केला, काम काही काळ थांबलेही. पुढे ते पुन्हा सुरू झाले आणि लढाही पुन्हा पेटला. या लढ्याने पांडुरंग महादेव बापटांना सेनापती ही पदवी दिली, विनायकराव भुस्कुट्यांसारखे कार्यकर्ते दिले, पुण्याच्या वृत्तपत्रांना अग्रलेखांचा विषय दिला. मावळ्यांच्या पुष्कळ जमिनी अगोदरच पुण्याच्या सावकारांकडे गहाण पडलेल्या होत्या, आणि मोबदल्याचा प्रश्न निघताच सावकारांचे हित व कुळांचे हित यांच्या वाटा फुटल्या, हे या सत्याग्रहाच्या अपयशाचे एक मोठे कारण होय. 1924 च्या अखेरीस बापटांनी रेल्वे अडविण्याचा जो निर्वाणीचा उपाय केला त्याबद्दल त्यांना 7 वर्षांची सक्तमजुरी झाली, आणि लढा संपला.

या इतिहासात बाया आहेत. त्या धरणाच्या कामावर जाऊन बसल्या, त्यांनी शिक्षा भोगल्या, काहींची लहान मुलेही त्यांच्याबरोबर होती. आणि तरीही वाचकाला पुढाऱ्यांची नावे ओळीने सांगता येतात व या बायांपैकी एकीचेही सांगता येत नाही. मोबदल्याची रक्कम खातेदाराला मिळाली, खातेदार पुरुष होता, पुष्कळदा तर तो सावकार होता. जिच्या पायांनी विहिरीची वाट घडली होती, जिने ओटीवर सारवण घातले होते, तुळशीला पाणी घातले होते, आणि वाघजाईच्या ठाण्यापाशी लेकराचे जावळ काढले होते, तिच्या नुकसानीला सरकारी तक्त्यात रकाना नव्हता. घर उठताना काय काय न्यावयाचे, हा प्रश्न तिच्यापुढे पडला असेल. भांडी डोक्यावर जातात, गुरे पायांनी चालतात. पण जात्याच्या दोन पाळू म्हणजे एका माणसाचे ओझे असते.

धरण पुरे झाले, सह्याद्रीच्या पायथ्याशी भिरा येथे वीज तयार होऊ लागली आणि तारांवरून मुंबईस गेली. ज्या खोऱ्याने पाणी दिले त्यातील कित्येक वाड्यांत त्यानंतरही वर्षानुवर्षे रॉकेलच्या चिमण्याच होत्या. पुढे पुकपुक असा आवाज करणारी इंजिनाची गिरणी मोठ्या गावांत आली. मग केव्हातरी खांब आले, तारा आल्या आणि विजेवरची पिठाची गिरणी आली. बायांनी तिचे स्वागत केले. ओवी बंद पडली म्हणून हळहळणाऱ्या शहरी रसिकांनी ही गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी, की ज्यांनी आयुष्यभर पहाटेची झोप मोडली त्या बायांनी जाते सोडताना अश्रू ढाळलेले नाहीत. दळणाचा डबा डोक्यावर घेऊन गिरणीपर्यंत जाण्याचा कोस-अर्ध्या कोसाचा फेरा त्यांना सुखाचाच वाटला. मात्र जाते थांबले तेव्हा त्याबरोबर ते दप्तरही मिटले, कारण ती नोंद करण्याची दुसरी जागा बाईला कोणी दिलेली नव्हती.

अशा वेळी गी पोईत्व्हाँ आणि हेमा राईरकर ही दोन माणसे मुळशीच्या डोंगरात वावरत होती, हा योगायोग मोठा म्हटला पाहिजे. पोईत्व्हाँ हे मूळचे फ्रेंच, 1934 चा त्यांचा जन्म. भारतात येऊन ते येथलेच झाले. गरीब डोंगरी संघटनेच्या कामानिमित्त त्यांचा व राईरकरांचा खेड्यातील बायांशी सहवास घडला, आणि जमिनीच्या, मजुरीच्या व पाण्याच्या प्रश्नांवर बोलता बोलता ओवी समोर आली. ओव्या जमविण्याचे काम पूर्वी झाले नव्हते असे नाही. साने गुरुजींचे ‘स्त्रीजीवन’ मराठी घरांत पोहोचले होते आणि सरोजिनी बाबरांनी लोकसाहित्य समितीच्या द्वारे अफाट सामग्री प्रसिद्ध केली होती. परंतु पुष्कळदा अशा संग्रहात ओवी राहते आणि गाणारी गळून पडते; माहेरच्या मायेची एक गोड, निनावी प्रतिमा उरते. पोईत्व्हाँ-राईरकरांच्या कामात ओवी लिहून घेणाऱ्यांत मुळशीतल्याच बाया होत्या, आणि प्रत्येक ओवीपुढे ती म्हणणारीचे नाव, गाव आणि तालुका लिहिला जाऊ लागला. नांदगाव, कोळावडे अशा, नकाशात शोधावी लागणाऱ्या गावांची नावे तेथे वारंवार दिसतात. पुढे हा संग्रह महाराष्ट्राच्या इतर जिल्ह्यांत पसरला, बर्नार बेल यांनी ध्वनिमुद्रणे केली, आणि ओव्यांची संख्या लाखाच्या वर गेली. पोईत्व्हाँ 2004 मध्ये वारले, राईरकर 2010 मध्ये. 2017 पासून पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया या संस्थेने ते भांडार संगणकावर लोकांपुढे आणण्यास आरंभ केला.

त्या नोंदी चाळताना सोशिकपणाची जी मूर्ती आपण या बाईची घडवून ठेवली आहे, तिला ठिकठिकाणी तडे जातात. ती देवभोळी आहे आणि देवाला जाबही विचारते. सासूविषयी, सवतीविषयी, संशयी नवऱ्याविषयी आणि मुलीच्या जन्माविषयी ती जे बोलते ते कोणत्याही कीर्तनात खपणारे नाही. आणि श्रद्धा स्वतः कशी बदलते, याचाही हिशेब तेथे सापडतो: एकाच गळ्यावर, त्याच छंदात, एका वाडीतली बाई विठ्ठलाला ओवी वाहते आणि गावकुसाबाहेरच्या वस्तीतली बाई भीमरावांना वाहते. 1956 च्या ऑक्टोबरात नागपुरास जे धर्मांतर झाले त्याची दखल मुळशीच्या जात्यानेही घेतली. जुन्या देवाच्या जागी बुद्ध आला, पहिली ओवी त्याच्या नावाने निघाली, आणि जात्याला त्याची काहीच अडचण वाटली नाही.

कचेरीचे दप्तरही हळूहळू हलले आहे. 1956 च्या वारसा कायद्याने मुलीला काही हक्क दिला, राज्याने 1994 मध्ये आणि केंद्राने 2005 मध्ये त्यात भर घातली, आणि 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या नावापुढे सरकारी कागदावर आईचे नाव लिहिण्याचा नियम झाला. पौडाच्या कचेरीत दाखल्यासाठी रांगेत उभ्या असलेल्या म्हाताऱ्याला हा नियम लागू नाही; पण त्याला आईचे नाव विचारले तर ते आठवण्यासाठी तो क्वचित थबकतो, कारण आयुष्यभर तिला आई, आज्जी किंवा अमक्या वाडीची म्हातारी याखेरीज दुसरे काही म्हणण्याचा प्रसंगच त्याला आलेला नसतो.

जाती आता परसात पडली आहेत. कोठे वरची पाळू तुळशीजवळ पायरी झाली आहे, कोठे खालच्या पाळूत कोंबड्यांना पाणी ठेवतात, आणि ज्या जमिनी रस्त्याला लागून आहेत तेथे शहरातून आलेल्या बंगलेवाल्यांनी ती विकत नेऊन बागेत शोभेला मांडली आहेत. परंतु लग्न निघाले की एक जाते धुऊनपुसून मांडवाखाली येते. त्याला हळदीकुंकू लागते, खुंट्याला आंब्याची पाने, हळकुंड आणि सुपारी बांधली जाते, पाच सवाशिणी भोवती बसतात, आणि मग गाणार कोण अशी शोधाशोध सुरू होते. सवाशिणींना ओवी येत नसते. जिला येते ती बहुधा विधवा असते, आणि खुंट्याला हात लावण्याचा मान रिवाजाने तिला नाही. म्हणून ती मांडवाच्या कडेला, जात्यापासून दोन हातांवर बसते, तेथून गळा धरते, आणि तिच्या फेऱ्यावर त्या पाच जणी मूठभर हळकुंडे भरडतात. नवरीला लावावयाची हळद पुडीतली असते.